साहस आणि शिस्त

प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या कर्तव्यपथावर जवानांची मोटारसायकल-पथके चित्तथरारक कसरती करतात. त्यांमागे प्रदीर्घ सराव, मोकळा ठेवलेला मार्ग आणि परस्परांवरील विश्वास असतो. सार्वजनिक रस्त्यावर मात्र एक चाक उचलून धावणारा स्वार रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाचाही जीव धोक्यात घालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी संमतीविना रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे.

समूहाने प्रवास करताना पुढील संकेत पाळावेत :

१. मार्ग, थांबे व हातांच्या खुणा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात.
२. सर्वांत पुढे व सर्वांत मागे अनुभवी स्वार असावेत. वेग मात्र नवख्याला झेपेल एवढाच ठेवावा.
३. एक स्वार उजवीकडे, त्यामागील डावीकडे, अशी रांग असावी. आपल्या बाजूच्या पुढील गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे. वळणावर एकेरी रांग करावी.
४. हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा.

सोबत्यांनी चिथावले, तरी ‘नाही’ म्हणता येणे, हेही धाडसच होय.

विचार करा : समूहाचा वेग नवख्या स्वाराने का ठरवावा?