वर्गात वाजवा जगाची गाणी

प्रश्न : सहावी-सातवीच्या मुलांना परदेशी संगीत ऐकवायचे आहे. इंटरनेटवर विश्वासार्ह साहित्य कुठे मिळेल? – एक संगीत शिक्षिका, सातारा

उत्तर : यूट्यूबवर ‘आफ्रिकन म्युझिक’ शोधले की व्हिडिओंचा पाऊस पडतो, गाणे कोणत्या देशातले, कोणाचे, हे मात्र अनेकदा कळत नाही. शिकवायला ते कुचकामीच.

सुरुवात ‘स्मिथसोनियन फोकवेज’पासून करावी. मोझेस ॲश यांनी १९४८मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढलेली ही रेकॉर्ड कंपनी १९८७मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेली, ती एका अटीवर: कितीही कमी खपो, एकही ध्वनिमुद्रिका बंद करायची नाही. (अशी अट आपल्याकडेही कोणी घातली असती तर!) ध्वनिमुद्रिकांच्या माहितीपुस्तिका आणि शिक्षकांसाठी तयार पाठ संकेतस्थळावर मोफत आहेत. बालगीते गाणाऱ्या अमेरिकी गायिका एला जेन्किन्स यांचा इथला १९५७चा संग्रह पहिल्या तासाला उत्तम. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी उचलायचे, अशी ती गाणी. भजनात बुवांमागे म्हणणाऱ्या मुलांना ती पटकन जमतील.

अमेरिकी लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या संशोधनातून उभा राहिलेला ‘ग्लोबल ज्यूकबॉक्स’ नकाशावरून गाणी ऐकवतो. भूगोलाच्या शिक्षकांनाही तासाला बोलवावे.

पाश्चात्त्य स्वरलिपी हवी असल्यास ‘आयएमएसएलपी’ हे प्रताधिकारमुक्त स्वरलिप्यांचे संकेतस्थळ पाहावे. भारतात रचनेचा प्रताधिकार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९४५मध्ये निधन झालेले हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्या, लोकगीतांवर बेतलेल्या बालरचना आपल्याकडे खुल्या आहेत.

फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर ध्वनिमुद्रण वाजवायला शाळांना कायद्याची मुभा आहे. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकण्याआधी मात्र परवानगीचे पाहावे.