चंद्रावरचा पहारा

कॅडेट मित्रांनो, रात्रीच्या पहाऱ्यावर असताना दूर अंधारात क्षणभर उजेड चमकला, तर संत्री काय करतो? खात्री न करता खबर देता येत नाही आणि दुर्लक्षही करून चालत नाही. ग्रीसमधील क्रिओनेरी वेधशाळेपुढे हाच प्रश्न असतो. तिचा पहारा मात्र चंद्रावर असतो.

पृथ्वीकडे येणारे लहान दगड वातावरणात जळून जातात. त्यांनाच आपण उल्का म्हणतो. चंद्राला वातावरणाचे कवच नाही. तेथे दगड थेट जमिनीवर आदळतो आणि प्रकाशाचा झोत उठतो. बहुतेक झोत सेकंदाचा दहावा भागही टिकत नाहीत.

क्रिओनेरीची १.२ मीटर व्यासाची दुर्बीण १९७५ मध्ये उभारली गेली. २०१७ पासून युरोपीय अवकाश संस्थेच्या साहाय्याने तेथे 'नेलिओटा' प्रकल्पाची निरीक्षणे सुरू झाली. उजळ भागावर झोत दिसणार नाही, म्हणून चंद्रकोर असताना तिच्या अंधाऱ्या भागावर दुर्बीण रोखतात.

आता खात्रीचा प्रश्न. वैश्विक किरणांतील कण कॅमेऱ्यावर आदळला, तरी चित्रात तसाच ठिपका उमटतो. म्हणून येथे दुर्बिणीतील प्रकाश विभागून दोन कॅमेऱ्यांकडे पाठवतात. एक तांबडा प्रकाश टिपतो, दुसरा अवरक्त. दोन्ही सेकंदाला ३० चित्रे घेतात. एकाच क्षणी, एकाच जागी, दोन्हींत ठिपका दिसला तरच तो आघात ठरू शकतो. चमकून जाणारा कृत्रिम उपग्रह तर नव्हता ना, हेही तपासतात. शिवाय दोन रंगांतील तेजाच्या प्रमाणावरून झोताचे तापमान काढता येते.

हा खटाटोप कशासाठी? १७ मार्च २०१३ रोजी नासाच्या निरीक्षकांना चंद्रावर तेजस्वी झोत दिसला. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला तेथे सुमारे १८ मीटर रुंदीचे नवे विवर सापडले. उद्या चंद्रावर माणसांचा तळ उभारायचा असेल, तर असे आघात किती वेळा आणि किती जोराचे होतात, हे आधी कळलेच पाहिजे. खोटी नोंद हिशेब बिघडवते. सुटलेली नोंदही बिघडवते.

स्वाध्याय : १ किलोग्रॅमचा दगड सेकंदाला २० किलोमीटर वेगाने आदळला, तर त्याची गतिज ऊर्जा किती? १ किलोग्रॅम टीएनटीची ऊर्जा सुमारे ४२ लाख ज्यूल धरून तुलना करा. उत्तर ४५ ते ५० किलोग्रॅम टीएनटीच्या दरम्यान यायला हवे.