धुऱ्यावरचं वर्ष

आमचं वावर तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला. चार एकर, एक विहीर, कोठ्यात एक गाय नि शेळ्या. इथं पाणी गोड. माझं माहेर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहीर असली तरी ते पाणी पिकाला देता येत नाही, दिलं तर काळी माती आवळून बसते. दोन्हीकडचे संसार पाहून माझं एक मत झालंय. कपाशी दुकानदाराचं देणं फेडते. घर चालतं ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि कपाशीच्या तासांमध्ये पेरलेल्या किडुकमिडुकावर.

१. मृग लागलं म्हणून पेरायला धावू नये. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, वावराला पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतच मुरतो. अकोल्याचं कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा म्हणतं. आमच्या सासूबाई खुरपं खोचून माती उकरतात आणि म्हणतात, “वीतभर ओल उतरली का पाहय, मंग पेर.” दोघांचं बहुतेक वेळा जुळतं.

२. सोयाबीनचं बी घरचं असेल तर आधी तपासावं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट ओलं राखायचं. सातआठ दिवसांत सत्तरच्या वर उगवले तर बी पेरायचं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोतं वरून आपटलं की दाणा आतून फुटतो आणि वरून काही दिसत नाही. हमालाला हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

३. धुरा रिकामा ठेवायचा नाही. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा लांबेल. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचं तास, हे वऱ्हाडात सगळेच करतात. पण अंबाडी, बरबटी, तीळ हे बायकांचं पेरणं. पदराच्या गाठीत बी बांधून आणायचं आणि पुरुषांची तिफण पुढं गेली की मागून टोचायचं. अंबाडीचा कोवळा पाला पावसाळ्यात भाजीला, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेला, वरून लसणाची फोडणी. पुढे तिच्या लाल बोंडांची चटणी, आणि उरलेल्या खोडाचा वाक काढून दोर. बरबटीच्या शेंगा संपेपर्यंत भाजीबाजाराचं तोंड पाहावं लागत नाही. एका कडेला मूग असतो. तो दोनेक महिन्यांत हाती येतो, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, कपाशीला नुसती पाती-फुलं असताना. सणाचा खर्च आणि पोरांचे कपडे त्यातूनच होतात. तणनाशकाचा पंप धुऱ्यापर्यंत आला की हे सगळं जातं. आमच्याकडे मी तो धुऱ्यापासून चार हात लांब थांबवते, त्यावरून घरात कुरबुर होते, होऊ दे.

४. निंबोळी वेचायला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ साधावी लागते. ती पावसाच्या तोंडावर पडते, आणि नेमकी तेव्हाच पेरणीची धांदल. वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवली की फवारणीला तयार. पाच किलो भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळून एकूण शंभर लिटर करायचं, त्यात थोडा साबणाचा चुरा. मावा, तुडतुडे यांच्यावर सुरुवातीला एवढं पुरतं. वास हाताला राहतो.

५. पहिल्या वेचणीला सीतादही करावं, पराटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभाताचा निवद दाखवावा. मग मात्र व्यवहार. वेचणारीला किलोवर मजुरी मिळते, दवातला कापूस वजनाला भरतो, त्यामुळे तिला पहाट बरी आणि आपल्याला दव उतरल्यावर. यावर भांडू नये. दव उतरेपर्यंत तिला एखादं दुसरं काम रोजानं द्यावं. कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळ्या ओटीत, आणि कापूस प्लास्टिकच्या पोत्यात भरायचा नाही. त्याचे धागे कापसात गेले की भाव पडतो.

६. फरदड, म्हणजे वेचणी सरल्यावरही पराटी राखून घेतलेलं पीक, घेऊ नये. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते सांगायला नको. तरी जानेवारीत भाव जरा वर सरकला की माणूस पाणी देऊन पराटी हिरवी ठेवतो, आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. डिसेंबर सरता सरता शेळ्या-मेंढ्या आत सोडाव्यात, हिरवी बोंडं त्या साफ करतात. यात एक गोम आहे, ती कोणी बोलत नाही. उपटलेली पराटी आपण बायका चुलीसाठी घरामागं रचतो, आणि किडक्या बोंडांतली अळी तिथंच टिकते. सरपण सोडा असं सांगणाऱ्याच्या घरी गॅस असतो. मी बोंडं झाडून जाळते, नुसत्या काड्या रचते आणि पावसाच्या आत आधी त्याच संपवते.

७. जागल एकट्यानं होत नाही. हरभऱ्याला घाटे धरले की डोंगराकडून रानडुक्कर उतरतं, रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप तर दिवसाही फिरतात. शेजारच्या चार वावरांनी पाळ्या लावाव्यात. फटाके, डबे, कुत्रं, सगळं चार दिवस चालतं, मग जनावर सरावतं.

८. मे महिना रिकामा नसतो. तुरीला तेलपाणी लावून उन्हात घालायचं, मग जात्यावर भरडायचं; बाजारातल्या डाळीला ती चव नाही. सांडगे, कुरड्या, पापड सकाळी दहाच्या आत उरकायचे. सगळ्यात महत्त्वाचं कुटार. तुरीचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, आणि दोन्ही रोहिणीच्या वळवाआधी कोठ्यात. भिजलेल्या कुटाराला बुरशी येते आणि गाय तोंड लावत नाही. यंदा अर्धं अजून बाहेर आहे, आणि कोठ्याची दोन टिनं वाऱ्यानं उचलली गेलीत. मिस्त्री सोमवारी येतो म्हणालाय.