‘स्कोप’ बघण्याआधी मुलाचा कल बघा

दहावीचा निकाल लागला की ठाण्याच्या कोपरीत, अष्टविनायक चौकापासून मीठबंदर रोडपर्यंत, घरोघर एकच चर्चा सुरू होते. कोणती लाइन घ्यायची? आणि लगेच पुढचा प्रश्न, तिला स्कोप आहे का? पालकांची काळजी खरी आहे. घराचे हप्ते, क्लासची फी, एकाच पगारावर चालणारं घर हे सगळं डोळ्यांसमोर असताना कोणाला धोका पत्करावासा वाटेल?

पण स्कोप हा शब्द किती काळ टिकतो, हे कळायला लांब जायला नको. एमआयडीसीची स्थापना 1 ऑगस्ट 1962 रोजी झाली आणि तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक आपल्या ठाण्यातलीच, वागळे इस्टेट. तिथल्या कारखान्यात फिटर किंवा टर्नर म्हणून चिकटलं की आयुष्याची चिंता मिटली, असं तेव्हा ठाण्यातली कुटुंबं मानत. पुढे अनेक कारखाने बंद पडले, काही बाहेर गेले आणि त्या जागांवर आयटीची कार्यालयं उभी राहिली. पक्की म्हणवली जाणारी नोकरी अनेकांच्या हातून चाळिशीतच गेली. त्यातही ज्याला यंत्राची मनापासून जाण होती, त्याला दुसरीकडे काम मिळवणं तुलनेने सोपं गेलं. आज कॉम्प्युटरला स्कोप आहे म्हणून त्यात ढकललेल्या मुलाचं वीस वर्षांनी काय होईल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच्याकडे उरेल ती त्याची आवड आणि त्याची क्षमता.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि घरात नेमकी इथेच गल्लत होते. मुलीला प्राणी आवडतात, म्हणून ती डॉक्टरकीचा अभ्यास पेलेल असं नाही. मुलाला गणितात 95 मार्क आहेत, म्हणून त्याला दिवसभर आकडेमोड करायला आवडेल असंही नाही. क्षमता तपासणाऱ्या अभिक्षमता चाचणीत एक भाग असतो: कागदावर उलगडलेल्या खोक्याचं चित्र देतात आणि ते दुमडल्यावर चार आकृत्यांपैकी कोणती होईल, ते विचारतात. वर्गात मागच्या बाकावर बसणारं एखादं मूल हे पटापट सोडवतं आणि पहिला नंबर काढणारं अडखळतं. आर्किटेक्चर, मशीन ड्रॉइंग, फर्निचर, कपड्यांचं पॅटर्न-कटिंग या सगळ्यांत हीच नजर लागते, पण मार्कशीटवर तिचा रकाना नसतो.

राज्य मंडळानेही 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती. तिच्यात कृषी, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, वाणिज्य, कला आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. बहुतेक घरांत मात्र यादी अजून डॉक्टर-इंजिनीअरवरच थांबते. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. त्यांच्या ‘वेध’ परिषदेत वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं मुलांसमोर आपल्या कामाबद्दल बोलतात. मुलाला असं काही ऐकायला जरूर न्या. कलचाचणी किंवा अभिक्षमता चाचणीही करून घ्या, मात्र तिचा अहवाल हा निकाल समजू नका. तो फक्त बोलणं सुरू करायला उपयोगी पडतो.

त्याहून मोलाचं म्हणजे काम प्रत्यक्ष बघणं. सीए व्हायचंय? जुलै महिन्यात, रिटर्न भरण्याच्या धांदलीत, एखाद्या सीएच्या ऑफिसात ओळखीने दोन दिवस बसू द्या. फिजिओथेरपी हवी आहे? दवाखान्यात एकाच पेशंटकडून तोच व्यायाम रोज करून घेण्याचा संयम आपल्यात आहे का, ते मुलीला बघू द्या. पदवीचं नाव सगळ्यांना आवडतं. रोजचं काम आवडतं का, हा खरा प्रश्न आहे.

आता शाखा निवडल्यावर बंद होणाऱ्या दारांबद्दल, कारण पालक इथेच जास्त घाबरतात. अकरावी सायन्सला बायोलॉजी सोडली तर मेडिकल अवघड होतं, गणित सोडलं तर इंजिनीअरिंग. म्हणून खात्री नसलेल्या पण अभ्यास झेपणाऱ्या मुलाने दोन्ही विषय ठेवावेत. उलट, आर्ट्स घेतलं म्हणून सगळं संपत नाही. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला कोणतीही शाखा चालते, सीए फाउंडेशनलाही चालते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि दोन वर्षांची आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आयटीआयला नाक मुरडणाऱ्या पालकांनी हा रस्ता नीट समजून घ्यावा. घरची परिस्थिती बेताची असेल तर लवकर कमाई सुरू करून पुढे शिकण्याची सोय यात आहे.

पालकहो, अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. टीव्ही बंद करा, शेजारच्यांच्या मुलाचं नाव घेऊ नका आणि मुलाला पूर्ण बोलू द्या. त्याने सांगितलेलं पटलं नाही तरी त्या दिवशी उत्तर देऊ नका. दोन दिवस विचार करा, त्या क्षेत्रातल्या एका माणसाला भेटा, मग पुन्हा बसा. फॉर्मवर सही तुमची असेल, पण अभ्यास आणि पुढची नोकरी त्यालाच करायची आहे.