किल्लीला हात लावू नकोस

अगं, आधी पाणी पी आणि जरा टेकून बस. काल ट्रॉलीवर गाडी आदळल्याचं सांगतानाचा तुझा आवाज फोनवर ऐकला आणि माझ्याच पोटात गोळा आला. तू धडधाकट आहेस, बाकी सगळं निस्तरता येतं. पण आज मान आखडली असेल तर डॉक्टरांना दाखव आणि चिठ्ठी, बिलं जपून ठेव. मुका मार दुसऱ्या दिवशी जाणवतो.

चिंचोळी एमआयडीसीतून शिफ्ट सुटल्यावर हायवेला लागताना काय होतं ते मला ठाऊक आहे गं. पाकणीच्या डेपोतले टँकर, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या जोड ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांनी झाकलेला. माझी गाडीही अशाच ट्रॉलीवर आदळली होती. बंपरच्या जाळीत उसाची पानं अडकलेली, काच मात्र शाबूत, मला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडी चालू झाली म्हणून मी तशीच घरी निघाले. खाली डांबरावर काळ्या तेलाचा ओघळ पसरत होता. तो मी बघितला, आणि रस्त्यावरचंच असेल म्हणून सोडून दिला. इंजिनखालचा ऑइल चेंबर फुटला होता. चार-पाच किलोमीटरवर इंजिन जाम! विमा कंपनीने बॉनेट, रेडिएटर मान्य केलं आणि इंजिनाचे पैसे नाकारले. इंजिन धडकेने नाही, तेल नसताना चालवल्याने गेलं, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगू का, ते चुकीचं नव्हतं. भिशीचे पैसे आले होते ते तिकडे गेले, आणि आजही ते आठवलं की जीव कळवळतो.

म्हणून बघ, गाडी चालू करून बघू नकोस आणि ‘एकदा स्टार्ट मारून बघतो’ म्हणणाऱ्या कुणालाही किल्ली देऊ नकोस. उचलूनच न्यायची. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो, शिवाय तुझ्या पॉलिसीत टोइंगची सोय आहे का तेही विचार. हलवण्याआधी फोटो काढ. लांबून एक, नंबर प्लेट दिसेल असा. मग तुटलेला एकेक भाग. गाडीखालचा रस्तासुद्धा.

विमा कंपनीला आजच कळव, उद्यावर ढकलू नकोस. दाव्याचा नंबर मिळेल, तो वहीत लिही. खाली तारीख, वेळ, फोनवर बोललेल्या माणसाचं नाव. पोलिसांकडे नोंद झाली असेल तर तिची प्रत माग. ट्रॉलीवरच्या कुणाला लागलं असेल तर पोलीस आणि कंपनी दोघांनाही सांगायचंच, आणि ‘मी भरपाई देते’ असं कुणालाही लिहून द्यायचं नाही. तुझी मान खरंच दुखावली असेल तर त्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे.

नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला स्क्रूसुद्धा काढू देऊ नकोस, तो कितीही ओळखीचा असो. सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय सांगायचा, असा विमा नियामकाचा २०२४ चा दंडक आहे. हे पाठ असू दे. ‘बघतो, कळवतो’ म्हणणाऱ्याला शांतपणे तारखा विचारायच्या.

आता जरा रागावून सांगते. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करायची नाही. ‘ताई, तुम्ही सही करा, बाकी आम्ही भरतो’ असं गॅरेजात हमखास म्हणतात. फॉर्ममध्ये गाडी कोण चालवत होतं, लायसन्स कुणाचं, धडक कशी बसली, हे सगळं असतं. तुझं लायसन्स चालू आहे आणि तूच चालवत होतीस, तर तेच, तुझ्या अक्षरात. सोय म्हणून भावाचं नाव टाक असं कुणी सुचवलं तर तिथून उठून ये. एक खोटं सापडलं की सगळा दावा बुडतो.

आणि पूर्ण बिल मिळेल असं धरून चालू नकोस, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. हल्ली बंपर प्लॅस्टिकचाच, म्हणजे त्याचा अर्धा भार तुझ्यावर. पत्र्याची घट, म्हणजे अशीच कपात, गाडीच्या वयावर ठरते, काचेला घट नसते. पॉलिसीवर ‘झिरो डेप’, म्हणजे घट न कापणारं कलम, लिहिलंय का ते आज रात्रीच बघ. नुकसान किरकोळ निघालं तर दावा न करणंही कधी फायद्याचं ठरतं, कारण दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. तुझं समोरून दबलंय, तुला दावा करावाच लागेल.

दावा नाकारलाच तर रडत बसायचं नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र द्यायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं गं, म्हणून तुला दोनदा सांगते. तुझ्या कंपनीत डिस्पॅचला बसून एकेका गाडीचं चलन आणि ई-वे बिल जुळवतेस तू, ही फाईल तुला जड नाही.

गॅरेजला गाडी सोडताना किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा यांचा फोटो घे. डिकीतली स्टेपनी, जॅक, तुझी छत्री, आरशाला लावलेली माळ, सगळं काढून आण. गुरुवारी माझी सुट्टी आहे, सर्व्हेअर त्या दिवशी येणार असेल तर मी येते सोबत. डबा मी आणते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे घरात.