जखम भरली, तरी आग का होते?

हात यंत्रात सापडतो किंवा काचेने मनगट कापते. टाके पडतात, जखम भरते. पण सहा महिन्यांनीही तिथे आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखी कळ जाते. सदऱ्याची बाही घासली तरी सोसवत नाही. घरचे म्हणतात, "कामाला जायचं नाही म्हणून सोंग करतो." हे सोंग नाही आणि करणीही नाही. ही मज्जातंतूची वेदना आहे.

मज्जातंतू तुटला की शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी तिथे धावतात. तुटका भाग त्या साफ करतात, म्हणूनच तंतू पुन्हा वाढू शकतो. काम करताना त्या एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. या निरोपांमुळे आसपासचे तंतू हळवे होतात. काम संपल्यावर निरोप थांबायला हवेत. काहींच्या बाबतीत ते थांबत नाहीत.

बिघाड जखमेपुरता राहत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्याही जाग्या होतात. 2003 साली माकोतो त्सुदा, काझुहिदे इनोउए आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. तंतूला इजा झाल्यावर या पेशींवर एक विशिष्ट ग्राहक वाढलेला दिसला. तो औषधाने अडवताच हलक्या स्पर्शाने होणारी वेदना कमी झाली. 2005 च्या संशोधनात पुढचा दुवा मिळाला: या पेशींच्या स्रावामुळे वेदनेला आवर घालणारा ब्रेकच ढिला पडतो. म्हणून साधा स्पर्शही मेंदूपर्यंत वेदना होऊन पोहोचतो.

मग करायचे काय?

• दुकानातून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. रोज घेतल्यास पोटात व्रण होतो, मूत्रपिंडाला इजा होते.
• सरकारी रुग्णालयात दाखवा. डॉक्टर गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देऊ शकतात. यातले एक फिटचे, दुसरे नैराश्याचेही औषध आहे. त्यामुळे चिठ्ठी पाहून घाबरू नका. गुण यायला काही आठवडे लागतात. गोळी मनाने बंद करू नका.
• बधिर जागेला गरम शेक देऊ नका. चटका कळत नाही, कातडी भाजते.
• साखर तपासून घ्या. मधुमेहानेही तंतू बिघडतात.
• हातापायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि घरातल्यांनो, दुखणे दिसत नाही म्हणून ते नाही, असे म्हणू नका.