क्लाराला जोसी होता आलं असतं का?

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या! काझुओ इशिगुरो यांच्या २०२१ च्या ‘क्लारा अँड द सन’ या कादंबरीत क्लारा ही सूर्यप्रकाशावर चालणारी यंत्र-मैत्रीण. आजारी जोसी दगावलीच, तर क्लाराने तिची जागा घ्यावी, असा आईचा बेत. चालणं, बोलणं, सवयी, सगळं हुबेहूब. आम्हा इंजिनिअरांना वाटतं, डेटा मिळाला की झालं! पण शेवटी क्लाराच म्हणते की जोसीचं वेगळेपण जोसीत नव्हतंच, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या मनात होतं. इथे मी अडकले. माझ्या आजीचा आवाज मोबाईलमध्ये आहे. त्यावरून तिच्यासारखं बोलणारं सॉफ्टवेअर आज बनेलही. पण मला ‘ठमे’ म्हणायच्या आधी ती हसायची, ते कशासाठी, हे मला एकटीलाच माहीत आहे.